मापुचे नावं देवनागरीत लिहायची कशी, वाचायची कशी?

अर्धविराम

चिलेबद्दल मराठीत काही लिहायला घेतलं की पहिली ठेच 'मापुचे' या शब्दालाच लागते. मराठी डोळा तो षष्ठी समजून वाचतो. मापूचे? मापूचे काय? प्रत्यक्षात 'मापु' म्हणजे जमीन आणि 'चे' म्हणजे माणसं. म्हणजे 'मापुचे लोक' लिहिलं की लोक दोनदा आले. तरी वाक्य वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ते चालवून घ्यावं लागतं. 'मापुचेस' मात्र नको, तो शेवटचा 'स' स्पॅनिश अनेकवचनाचा आहे. त्यांच्या भाषेत अनेकवचनासाठी नामाआधी 'पु' येतो: पु चे, पु लाम्ङेन.

विभक्ती लावताना 'मापुचेंचा, मापुचेंनी, मापुचेंना' असं करावं. 'गोखल्यांचा'च्या चालीवर 'मापुच्यांचा' केलं तर मूळ शब्द ओळखू येत नाही.

'आराउकानो' हे नाव स्पॅनिशांनी दिलेलं. ते आज मापुचेंना नको असतं, त्यामुळे जुन्या काळाबद्दल लिहितानाही ते अवतरणातच ठेवलेलं बरं.

लिहिण्याचे साधे नियम असे:

रोमन स्पेलिंगमधल्या प्रत्येक 'ए' (a) अक्षराला काना द्या. मराठीत शेवटचा आणि मधला 'अ' गळतो, त्यांच्याकडे काहीच गळत नाही. म्हणून रुका (घर), माकुञ (अंगावरून घ्यायचा पोंचो), विट्राल (माग), माची (रोग बरे करणारी, विधी करणारी व्यक्ती. बहुतेक वेळा बाई, पण पुरुषही असतात). माची म्हटलं की आपल्याला राजमाची आठवणार, त्याला इलाज नाही.

स्पॅनिश धाटणीचं स्पेलिंग समोर आलं तर आधी त्याचा अंगरखा उतरवा. 'एच-यू' म्हणजे व, 'क्यू-यू' म्हणजे क. त्यामुळे नकाशावर 'हुइयिचे' वाचावंसं वाटतं ते विल्यिचे (दक्षिणेकडचे), आणि 'पेहुएन्चे' म्हणजे पेवेन्चे (पेवेन झाडाच्या प्रदेशातले). लाफ्केन्चे समुद्राकडचे, पिकुन्चे उत्तरेकडचे.

गावांच्या नावांत पाच-सहा तुकडे ओळखता आले की निम्मा नकाशा उलगडतो. 'को' पाणी: कुरिको म्हणजे काळं पाणी (कुरु = काळा), तेमुको म्हणजे तेमु झाडांजवळचं पाणी. 'लेमु' रान: पिचिलेमु म्हणजे छोटं रान. 'कुरा' दगड, 'लेउफु' नदी, 'लाफ्केन' समुद्र किंवा मोठं तळं. आर्जेन्टिनातलं नावेल वापि म्हणजे जॅग्वारचं बेट. 'वे' हा प्रत्यय जागा किंवा साधन दाखवतो, त्याबद्दल खाली बोलूच.

माणसांच्या नावांनाही हेच लागू. आर्जेन्टिनातल्या पाम्पाच्या मैदानावर १८७३ पर्यंत दबदबा असलेला काल्फुकुरा म्हणजे निळा दगड. सोळाव्या शतकात स्पॅनिशांशी लढलेल्या लाउतारोचं मूळ नाव लेफ्ट्रारु: 'लेफ' चपळ आणि 'ट्रारु' हा तिकडचा शिकारी पक्षी.

चुका दाखवा, भर घाला.

---

ळ

चांगला धागा. उच्चारांची बाजू मी घेतो.

१. ङ. देवनागरी इथे रोमनपेक्षा सरस आहे. आपण बाराखडीत 'ङ' पाठ करतो आणि आयुष्यभर वापरत नाही. मापुदुङुनमध्ये (मापुचेंच्या भाषेत) तो शब्दाच्या सुरुवातीला येतो: ङे (डोळा), ङुरु (कोल्हा), ङिल्यातुन (सामूहिक प्रार्थनेचा विधी). म्हणायला जमत नसेल तर 'अंग' म्हणताना शेवटचा 'ग' फुटण्याआधी थांबा आणि तिथूनच पुढचा स्वर काढा. 'न्गे' असं दोन तुकड्यांत म्हटलं तर चूक. तसंच ञ: ञुके म्हणजे आई.

२. च. आपल्याकडे 'च' दोन. 'मापाचे' मधला दंत्य आणि 'चेहरा' मधला तालव्य. मापुचे चेहऱ्यातल्या 'चे'ने म्हणायचं. गंमत अशी की दक्षिणेच्या विल्यिचे बोलीत तो दंत्यच होतो, ते स्वतःच्या भाषेला 'त्सेसुङुन' म्हणतात. पेवेन्चे तिलाच 'चेदुङुन' म्हणतात. दुङुन म्हणजे बोलणं.

३. द. हा आपला द नाही. जीभ वरच्या दातांच्या कडेला हलकी ठेवून हवा घासत सोडायची. बऱ्याच गावांत तो घोषही नसतो, 'थ'च्या जवळ जातो. म्हणूनच काही लिप्यांत तिथे 'झेड' वापरतात आणि भाषेचं नाव 'मापुझुगुन' असं दिसतं. तो झ नव्हे.

४. ट्र. ट आणि र असे दोन वर्ण नाहीत. 'ट'च्या जागी जीभ वळवून 'च' म्हणायचा प्रयत्न करा, एकच ध्वनी आहे. र सुद्धा आपल्यासारखा थरथरत नाही, जीभ मागे वळते पण टेकत नाही.

५. सहावा स्वर. आ, ए, इ, ओ, उ हे पाच सोपे. सहावा, रोमनमध्ये ज्या 'यू'वर दोन टिंबं देतात तो, खरी डोकेदुखी. 'ऊ' म्हणताना जीभ जिथे असते त्याच्या किंचित पुढे ठेवा, ओठ मात्र गोल करू नका. आघात नसेल तेव्हा तो जवळपास आपला ऱ्हस्व 'अ' होतो. कुला (तीन) मधला 'उ' हा असला. देवनागरीत यासाठी चिन्ह आहे बरं का! काश्मिरीसाठी 'ॖ' ही मात्रा घेतली आहे आणि तिचा उच्चार याच्या अगदी शेजारचा. पण निम्म्या फाँटांत तिथे चौकोन उमटतो. तेव्हा धाग्यापुरतं साधं 'उ' लिहू.

६. ब, ड, ग हे स्फोटक वर्ण मूळ भाषेत नाहीत. उसने शब्द याच गाळणीतून जातात: स्पॅनिश 'काबायो' (घोडा) चं कावेल्यु, 'काब्रा' (शेळी) चं कापुरा, 'ओवेखा' (मेंढी) चं ओफिशा. केचुआ, आयमारा या अँडीजमधल्या भाषांतून आलेले पाताका (१००) आणि वारान्का (१०००) मात्र जवळपास जसेच्या तसे राहिले.

---

अर्धविराम

ळ, 'ॖ' माहीत नव्हतं, मस्त. लिप्यांचा घोळही सांगून टाका ना, एकच शब्द तीन ठिकाणी तीन प्रकारे दिसतो.

---

ळ

तीन मुख्य लिप्या, तिन्ही रोमन. 'उनिफिकादो' स्पॅनिश वाचणाऱ्याला ओळखीची वाटेल अशी, त्यामुळे तीत जोडाक्षरं बरीच. 'रागिलेओ' ही आन्सेल्मो रागिलेओ या मापुचे भाषातज्ज्ञाची, १९८२ ची. एका ध्वनीला एकच अक्षर हा तिचा हट्ट: ङ साठी जी, ट्र साठी एक्स, सहाव्या स्वरासाठी व्ही, ल्य साठी जे. स्पॅनिशपेक्षा वेगळं दिसावं हाही त्यामागचा हेतू. तिसरी 'आसुम्चेफे', सरकारी आदिवासी विकास संस्थेने पुढे केलेली.

व्यवहारात गोची अशी: 'जी' अक्षर उनिफिकादोत घर्षक ग, तर रागिलेओत ङ. म्हणून 'मापुझुगुन' पाहून 'गुन' वाचू नका, तो 'ङुन'च आहे. मजकूर कोणत्या लिपीत आहे हे ओळखायची युक्ती: एक्स आणि व्ही भरपूर दिसले तर रागिलेओ. 'टी-एक्स' दिसलं तर आसुम्चेफे. 'टी-आर' आणि 'एन-जी' दिसलं तर उनिफिकादो.

हा वाद नुसता अक्षरांचा नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची मापुझुगुन आवृत्ती काढली तेव्हा काही लोङ्कोंनी (प्रमुखांनी) आक्षेप घेतला, कारण आमच्या भाषेचं काय करायचं हे आम्हाला न विचारता ठरवलं. कुणाची लिपी हा प्रश्न त्यातलाच.

---

उंबरठा

भाषांतर करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: नात्याचे शब्द इंग्रजीवरून घेऊ नका. इंग्रजीत 'अंकल' म्हणून जे सपाट होतं ते मूळ भाषेत वेगवेगळं आहे आणि आपल्याकडेही. मधला दुभाष्या कशाला?

माल्ये = काका (वडिलांचा भाऊ). वेकु = मामा. पालु = आत्या. मावशीसाठीचा शब्द 'ञुके'वरूनच होतो, आईसारखी ती. इथवर मराठी आणि मापुदुङुन हातात हात घालून चालतात.

आजोबा-आजीत मात्र त्यांची विभागणी आपल्याहून बारीक. लाकु = वडिलांचे वडील, चेद्की = आईचे वडील, कुकु = वडिलांची आई, चुचु = आईची आई. आणि हे शब्द दोन्ही बाजूंनी चालतात. नातू आजोबांना लाकु म्हणतो आणि आजोबा मुलाच्या मुलालाही लाकुच म्हणतात. म्हणून 'लाकु आला' या वाक्यात म्हातारा आला की पोर आलं हे संदर्भावरूनच कळतं. नाव ठेवण्याच्या विधीला लाकुतुन म्हणतात, त्यात नाव देणारा आणि घेणारा एकमेकांचे लाकु होतात.

आईचे आणि बापाचे शब्दही वेगळे. आई आपल्या मुलाला वा मुलीला पुञेञ म्हणते. बाप मुलाला फोतुम आणि मुलीला ञावे म्हणतो. त्यामुळे कथेत 'माझं लेकरू' कोण म्हणतंय हे शब्दावरूनच कळतं. भाषांतरात ते हरवतं, तेव्हा एखादं 'आई म्हणाली' टाकून ते भरून काढा.

नमस्कार: 'मारी मारी'. त्यापुढे पुरुष पुरुषाला पेञि म्हणेल, पुरुष बाईला लाम्ङेन, बाई मात्र बाईलाही आणि पुरुषालाही लाम्ङेन. वडीलधाऱ्या बाईला पापाय, वडीलधाऱ्या पुरुषाला चाचाय. नवशिक्या बाया हमखास 'मारी मारी पेञि' म्हणून मोकळ्या होतात, कारण पाठ्यपुस्तकातला पहिला संवाद दोन पुरुषांचा असतो.

अवांतर: जुन्या रीतीत पुरुषाने मामाच्या मुलीशी लग्न करणं पसंतीचं मानत. आपल्याकडच्या अनेक समाजांत मामाची मुलगी हक्काची मानतात तसंच. इंग्रजी पुस्तकात यावर दोन पानं खर्ची पडतात, मराठी वाचकाला एक ओळ पुरते.

---

काठावरचा

वाचतोय. एक शंका. सगळीकडे 'स्पेनला कधीच न हरलेले' असं लिहितात. मग आज ते चिलेच्या आत कसे?

---

नकाशेवाला

कारण ते स्पेनकडून हरले नाहीत, चिले आणि आर्जेन्टिना या प्रजासत्ताकांकडून हरले. हे दोन काळ वेगळे ठेवले की कोडं सुटतं.

स्पॅनिश सेनानी पेद्रो दे वाल्दिव्हियाने १५४१ मध्ये सान्तियागो वसवलं आणि दक्षिणेकडे सरकत गेला. २५ डिसेंबर १५५३ ला तुकापेलला तो मारला गेला. लेफ्ट्रारु आधी त्याच्याच तबेल्यात होता, त्यामुळे घोडा दमतो कधी आणि घोडेस्वार अडकतो कुठे हे त्याला ठाऊक. त्याची युक्ती साधी: एका मागून एक ताज्या तुकड्या सोडायच्या, समोरच्याला उसंत द्यायची नाही. १५५७ मध्ये तो पडला, पुढच्या वर्षी काउपोलिकान या दुसऱ्या मापुचे नेत्याला मारलं. लढाई मात्र थांबली नाही. कारण राजाच नव्हता. लोफ म्हणजे वस्ती, अनेक वस्त्यांचा रेवे, नऊ रेव्यांचा आयल्यारेवे. तोकी हा युद्धापुरता नेता. एकाला पकडून तह करायला समोर दरबारच नाही! इंका आणि आस्तेक यांच्याबाबतीत स्पॅनिशांनी जे केलं ते इथे करताच येईना.

२३ डिसेंबर १५९८ ला कुरालाबाला गव्हर्नर मार्तीन गार्सीया ओञेस दे लोयोला मारला गेला. मापुचे नेता पेलान्तारोच्या लोकांनी पहाटे छावणीवर झडप घातली. त्यानंतर १६०४ पर्यंत बीओबीओ नदीच्या दक्षिणेची सात स्पॅनिश नगरं गेली. ६ जानेवारी १६४१ ला किलीनला तह झाला आणि बीओबीओ ही सीमा ठरली. असे मेळावे, 'पार्लामेन्तो', पुढे दीड-दोनशे वर्षं होत राहिले. भाषणं, दुभाषे, भेटी, मेजवान्या. खर्च स्पॅनिश खजिन्याचा. चिले प्रजासत्ताकानेही १८२५ मध्ये तापिवेला असाच करार केला.

मग १८६१ ते १८८३. चिलेचा लष्करी अधिकारी कोर्नेलिओ सावेद्राची पद्धत एका घावाची नव्हती: एका नदीवर गढ्यांची रांग, मागून तारायंत्र, मागून रेल्वे, मागून वसाहतवाले, मग पुढची नदी. गव्हाला परदेशात भाव होता आणि जमीन हवी होती. पेरूविरुद्धच्या युद्धातून लष्कर मोकळं झालं, नव्या रायफली हातात, आणि त्याच सुमारास पलीकडून आर्जेन्टिनाची मोहीम. डोंगरापलीकडे सटकायची वाट बंद झाली. २४ फेब्रुवारी १८८१ ला तेमुकोचा गढ उभा राहिला, १ जानेवारी १८८३ ला व्हियारिकावर पुन्हा झेंडा लागला.

खरा घाव त्यानंतरचा. १८८४ ते १९२९ या काळात सुमारे ३,००० जमीनपट्टे देऊन मापुचेंना सुमारे ५ लाख हेक्टरात बसवलं, माणशी साधारण ६ हेक्टर. पट्टा एका लोङ्कोच्या नावावर, खाली 'आणि कुटुंबं'. ज्यांचा त्या लोङ्कोशी संबंध नाही अशांनाही त्यात कोंबलं. गुरं राखून जगणाऱ्यांना एवढ्याशा जमिनीत गहू पेरायला लागला, चढाची माती धुपली. १९७४ च्या ७०१ क्रमांकाच्या हुकुमाने पाइन आणि निलगिरीच्या लागवडीला सरकारी अनुदान मिळालं, १९७९ च्या हुकुमाने सामाईक पट्टे तोडायचा मार्ग काढला. आजच्या वादात 'जुन्या जमिनी' म्हणजे कोणत्या हे समजायचं असेल तर १५५३ नव्हे, हे पट्टे आणि हे दोन हुकूम बघा.

आकडा विचारणारच कुणीतरी: २०१७ च्या जनगणनेत चिलेत १७ लाख ४५ हजार लोकांनी स्वतःला मापुचे म्हणून नोंदवलं. त्यातले पुष्कळ सान्तियागोत राहतात.

---

चरखा

'वे' प्रत्यय खाली बोलू म्हणालात आणि विसरलात. मागाच्या नावांतून सांगते.

'फे' म्हणजे करणारा, 'वे' म्हणजे करायचं साधन वा जागा. ङुरेन = विणणं. ङुरेकाफे = विणणारी. ङुरेवे = बाणा ठोकून बसवायची लाकडी तलवार. तसंच 'चिल्का'चं कुटुंब: चिल्का = पत्र, चिल्कातुन = वाचणं-लिहिणं, चिल्कातुफे = विद्यार्थी, चिल्कातुवे = शाळा. पालिन (हॉकीसारखा खेळ) खेळतात ते मैदान पालिवे.

विट्राल म्हणजे दोन उभे खांब आणि त्यांना बांधलेल्या दोन आडव्या काठ्या, भिंतीला टेकवून उभा केलेला. ताणा या दोन काठ्यांवर आठच्या आकड्यासारखा फिरवतात, म्हणजे मध्ये आपोआप फुली पडते आणि एकाआड एक धागे वेगळे होतात. मागच्या धाग्यांना दोऱ्याची फासं घालून ती तोनोन नावाच्या काठीला बांधायची. काठी ओढली की मागचे धागे पुढे, सोडली की पुन्हा मागे. धोटा नाही, पायडी नाही.

सूत दुहेरी पिळाचं आणि कडक हवं. ताणा एवढा दाट की बाणा दिसतच नाही. त्यामुळे पट्ट्यांचे रंग ताणा घालतानाच ठरतात, मागाहून बदलता येत नाहीत. नेहमीची चूक: शेवटचे धागे हात थकल्यामुळे सैल पडतात आणि कापडाची ती कड लाटेसारखी होते. दुसरी चूक सैल पिळाची. आपल्याकडे घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात म्हणून लोकर फुलत नाही. इथे खळ नसेल तर पिळावरच भिस्त, नाहीतर दाट ताण्यातले शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात आणि फट उघडत नाही.

लोङ्कोच्या मानाच्या माकुञवर पायऱ्यांची फुली असते. ती विणीतली नसून ताण्याचे गठ्ठे ठरावीक ठिकाणी घट्ट बांधून मग रंगात बुडवलेले असतात, इकतसारखं. बांधलेली जागा पांढरी राहते. बांध सैल पडला की रंग आत शिरून पायरीची कड मळकट दिसते. लाल रंग रेल्बुन या वेलीच्या मुळाचा. ती आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली, आणि तिच्यासारखीच रंग मुळात धरते.

---

धनेजिरे

इतिहास-व्याकरण झालं, आता पोटाकडे. मेर्केन हा मापुचेंचा मसाला: धुरावलेली मिरची, धने, मीठ. एवढंच.

तिकडे 'बकरीचं शिंग' नावाची लांबट वाकडी लाल मिरची उन्हात वाळवतात, मग चुलीच्या धुरावर ठेवतात, मग कुटतात. घरी करायचं तर वाळवलेली मिरची १०० ग्रॅम, मीठ २०-२५ ग्रॅम, धने १२-१५ ग्रॅम. आपल्याकडे ब्याडगी तीन भाग आणि संकेश्वरी एक भाग बरी पडते. नुसत्या संकेश्वरीने धुराची चव लागतच नाही, जीभ आधीच बधिर.

धूर कोरडा आणि थंड हवा. मिरच्या जाळीवर, खाली आंब्याच्या किंवा बाभळीच्या लाकडाचा धुमसता निखारा, अंतर हातभर. देठ हातात घेऊन मिरची कुरकुरीत मोडली की झालं. निखाऱ्यावर तूप सोडून भांड्यावर झाकण ठेवायचा धुंगार इथे कामाचा नाही. तो तुपाचा वास असतो आणि मिरची ओलसर राहते, आठ दिवसांत बुरशी. राळेचं लाकूड नको, कडू होतं. धने वेगळे भाजा, रंग बदलला की उतरवा. सगळं गार झाल्यावर जाडसर कुटा. गरम कुटलं तर गुठळ्या होतात.

धने स्पॅनिशांबरोबर आले, गहूही. गव्हाचं भाजलेलं पीठ, मुर्के, आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंड, गार पाण्यात कालवून पितात. त्याआधीचं पेवेन्चे डोंगरातलं मुख्य पीठ पेवेनच्या बियांचं. शंकूला पिकायला दोनेक वर्षं लागतात, पडलेल्या बिया उन्हाळ्याच्या शेवटी गोळा करतात आणि उकडून, भाजून किंवा दळून खातात.

---

काठावरचा

नकाशेवाला, धन्यवाद, चित्र स्पष्ट झालं. अर्धविराम, क्रियापदाची एक तरी झलक द्या.

---

अर्धविराम

'आमु' = जाणे, एवढ्यावर काम भागवतो.

आमुन = मी गेलो. आमुयमी = तू गेलास. आमुय = तो/ती गेली (लिंगभेद नाही). 'आपण दोघं' आणि 'आपण सगळे' वेगळे: इन्चिउ, इन्चिञ. संस्कृतातलं द्विवचन शाळेत रडवतं, तिथे ते रोजच्या बोलण्यात आहे.

आता मधले तुकडे. 'ला' नकार: आमुलान, मी गेलो नाही. 'आ' भविष्य: आमुआन, जाईन. दोन्ही एकत्र आले की मध्ये य येतो: आमुलायान, जाणार नाही. 'ले' चालू क्रिया: आमुलेय, जातोय. 'के' सवय: आमुकेय, जात असतो.

मराठी माणसाला सगळ्यात जवळचे दोन. 'र्के' म्हणजे आपलं 'म्हणे': आमुर्केय, गेला म्हणे. स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलंय किंवा आत्ता अचानक कळलंय. इंग्रजी भाषांतरात याचा 'अपॅरंटली' होतो आणि वाक्य जड होतं. 'म्हणे' टाका, सुटलात. दुसरा 'फु': आमुफुय, गेला होता खरा, पण... त्या 'पण'नंतरचं वाक्य बोलायची गरजच पडत नाही.

---

मुक्कामपोस्ट

अर्धविराम, जमतंय का बघा. मी स्त्री आहे, भावाला सांगतेय: 'मारी मारी पेञि, इन्चे आमुआन.'

---

उंबरठा

पेञि नाही, लाम्ङेन. बाकी बरोबर. 'इन्चे' (मी) सुद्धा मुद्दाम ठासून सांगायचं नसेल तर नको, 'आमुआन'च्या शेवटच्या न मध्ये तो आहेच.